सोनेरी, काळं की स्टील? रंगवलेल्या ट्रॉल्यांची हँडलं निवडताना

हँडलांचा विषय बहुतेक घरांत अगदी शेवटी निघतो. सुतार हिशेब करून गेलेला असतो, रंगारी शेवटचा हात मारत असतो आणि कुणीतरी विचारतं, "शटरं पांढरी झाली, आता हँडलं सोनेरी लावायची, काळी की साधी स्टीलची?" विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर या पट्ट्यात हा प्रश्न हल्ली सारखा कानावर येतो. इथल्या जुन्या सोसायट्यांमधल्या ट्रॉल्या आता एकेक करून दुरुस्तीला आल्या आहेत. प्लायचा सांगाडा शाबूत असतो, वरचा सनमायका मात्र विटलेला. सगळं उखडण्यापेक्षा शटरं तेवढी नीट करून त्यांना पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारून घेणं परवडतं. मग रविवार पेठेतली बोहरी आळी गाठायची, भिंतभर लावलेली हँडलं पाहायची आणि तिथेच गोंधळून जायचं.

गोंधळ होतो, कारण आपण उलट्या टोकाने सुरुवात करतो. शेड ही निवडीतली शेवटची पायरी आहे. तिच्याआधी चार गोष्टी ठरवायच्या असतात: आकार, भोकांमधलं अंतर, धातू आणि धातूवरचा मुलामा. त्या ठरल्या की शेडचे दोन-तीनच पर्याय उरतात. आपणही त्याच क्रमाने जाऊ.

1. रंगवलेल्या शटरला हँडल कशासाठी?

दार ओढायला, हे उघड आहे. पण रंगवलेल्या शटरवर हँडलाला आणखी एक काम असतं: हात रंगापासून लांब ठेवणं.

सनमायका म्हणजे राळेत भिजवलेल्या कागदांचे थर उष्णता आणि दाब देऊन एकत्र केलेला पत्रा. त्याची जाडी साधारण 1 मिलिमीटर. पीयू रंगाचा थर अस्तरासकट धरला तरी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशात संपतो. रोजची नखं, अंगठ्या आणि बांगड्या सनमायका वर्षानुवर्षं सोसतो. रंगावर मात्र हँडलाच्या मागे नखांच्या बारीक रेघांचा एक पट्टाच उमटतो. पांढऱ्या किंवा मोतिया शटरवर त्यात हळदीची भर पडते. हळदीतलं कुर्कुमिन रंगाच्या थरात मुरतं. वर साबण लावला की डाग आधी लाल होतो, कारण कुर्कुमिन क्षारात रंग बदलतं. पुसणारा घाबरून आणखी जोरात घासतो आणि रंगाची चमक घालवून बसतो.

आकार निवडताना म्हणूनच एकच गोष्ट पाहायची: या हँडलाला हात घातला की बोटं कुठे टेकतात?

दाबून उघडणारी, हँडल नसलेली शटरं दिसायला सुटसुटीत असतात, पण त्यांत प्रत्येक वेळी हात थेट रंगावरच पडतो. रंगवलेल्या शटरला ती सर्वांत गैरसोयीची. गोल नॉब एकाच स्क्रूवर उभा असतो. स्क्रू ढिला झाला की तो फिरतो आणि त्याची बैठक रंगावर गोल घासत राहते. शिवाय नॉब धरताना बोटांची टोकं शटरला लागतात. नॉब आवडत असेल तर तो वरच्या, कमी उघडल्या जाणाऱ्या कपाटांना लावावा आणि मागे धातूची पट्टी असलेला घ्यावा. दांडीचं हँडल सर्वांत सुरक्षित, मात्र दांडी आणि शटर यांच्यामध्ये चार बोटं मोकळी जायला हवीत. 25 ते 30 मिलिमीटरची फट पुरते. हातात बांगड्या असतील तर दुकानातच हात घालून पाहावं. ओढताना बांगडी दांडीच्या मागे शिरून शटरला टेकते का, हे तिथेच कळतं.

शटरच्या वरच्या कडेला बसणारी ॲल्युमिनियमची खोबणी, म्हणजे प्रोफाइल हँडल, रंगाची कड झाकते हा तिचा गुण. ओट्यावरून ओघळलेलं वरण त्याच खोबणीत साचतं हा दोष.

2. भोक एकदाच पडतं

हँडल केव्हाही बदलता येतं. रंगवलेल्या शटरवरचं भोक बुजवलं तर तेवढाच ठिपका रंगवून भागत नाही. जुना रंग थोडा पिवळसर झालेला असतो आणि नवा ठिपका उठून दिसतो. अख्खं शटर पुन्हा रंगवावं लागतं. म्हणून भोकांचं अंतर रंगाच्या आधी ठरवायचं.

हे अंतर एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजतात. मध्य नजरेने पकडणं कठीण असतं, म्हणून एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजावं. उत्तर तेच येतं. आजच्या फर्निचरचं सामान युरोपात रूढ झालेल्या 32 मिलिमीटरच्या मापावर बेतलेलं असतं. त्यामुळे हँडलं 64, 96, 128, 160, 192, 224 अशी, 32च्या पटीत मिळतात. जुन्या ट्रॉल्यांची हँडलं पुष्कळदा इंचाच्या मापाची असतात: 3 इंच म्हणजे 76 मिलिमीटर, 4 इंच म्हणजे जवळपास 102.

एक उदाहरण घेऊ. तुमच्या शटरवर 102च्या अंतराने दोन भोकं आहेत. नवं हँडल 96चं आवडलं. फरक फक्त 6 मिलिमीटरचा, म्हणून मिस्त्री म्हणेल, "भोक थोडं मोठं करून बसवतो." ते करू देऊ नका. मोठं झालेलं भोक हँडलाच्या बैठकीबाहेर डोकावतं आणि स्क्रूची पकडही जाते. रंगाआधी दोन्ही भोकं बुजवून 128ची नवी पाडणं, हा सरळ मार्ग. रंग आधीच झाला असेल तर दोन्ही जुनी भोकं झाकणारी मागची पट्टी असलेलं हँडल शोधायचं.

नवी भोकं अस्तराआधी पाडण्याचा आणखी एक फायदा आहे. शटर एमडीएफचं, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीचं असेल तर भोकाच्या उघड्या कडेतून ते पाणी शोषतं आणि फुगतं. अस्तर त्या कडेवरही बसलं की ती वाट बंद होते.

रंग हाताला सुकला म्हणून लगेच हँडल आवळू नये. पीयूमध्ये रंगात हार्डनर मिसळतात आणि त्यांची रासायनिक क्रिया पुढे काही दिवस चालू राहते. आठवडाभर थांबावं, नाहीतर बैठकीचा ठसा रंगात उमटतो. धातू आणि रंग यांच्यामध्ये पातळ नायलॉनचा वॉशर घातला तर उत्तम.

रंगकामाची वेळही साधावी लागते. माउलींची पालखी आळंदी रस्त्याने विश्रांतवाडी ओलांडून पुण्यात जाते, तो सुमार पाऊस लागण्याचा. त्यानंतरच्या दमट हवेत हार्डनर बाष्पाशीही क्रिया करतो. रंगात बारीक बुडबुडे येतात आणि झळाळी मरते. पालखीच्या आत उरकलं तर बरं, नाहीतर दसऱ्यापर्यंत थांबावं.

3. आत कोणता धातू आहे?

ज्यांच्या घरी पितळी पातेली होती त्यांना कल्हई आठवत असेल. पातेलं पितळेचं, आतून कथलाचा पातळ थर. थर आहे तोवर ताक कळकत नाही. तो उडाला की आतलं पितळ उघडं पडतं. हँडलाचं गणित असंच असतं: बाहेर दिसतो तो मुलामा, आत असतो तो धातू. फरक इतकाच की कल्हई पुन्हा करता येत होती. हँडलाच्या मुलाम्यासाठी दारावर कुणी येत नाही. म्हणून मुलामा गेल्यावर आतला धातू कसा वागेल, हे आधी पाहायचं.

बाजारात चार धातू भेटतात.

जस्ताचा मिश्रधातू, म्हणजे झॅमॅक, हा स्वस्त आणि नक्षीदार हँडलांचा धातू. जस्तात सुमारे 4 टक्के ॲल्युमिनियम घालून तो साच्यात ओततात. मुलाम्याला छिद्र पडलं की आतलं जस्त पांढरट भुकटी धरू लागतं आणि वरचा थर फोडासारखा उचलला जातो.

स्टेनलेस स्टीलच्या दोन जाती कामाच्या: 304 आणि 202. 304 मध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात. त्यामुळे ते स्वस्त पडतं आणि गंजाला तुलनेने लवकर बळी पडतं. दुकानदार लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही, अस्सल 304" म्हणतो, पण त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. लोहचुंबक 202 लाही चिकटत नाही. धातूच्या व्यापाऱ्यांकडे एक तपासणीचं द्रव असतं. थेंब टाकून छोटी बॅटरी लावली की 202 वर तो लाल होतो.

तिसरा धातू ॲल्युमिनियम. हलका, मुख्यतः प्रोफाइल हँडलांसाठी. चौथं पितळ, तांबं आणि जस्ताचं मिश्रण.

भरीव नॉबच्या बाबतीत वजनावरून अंदाज बांधता येतो. एक घन सेंटिमीटर पितळ साडेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं, स्टेनलेस स्टील आठच्या जवळ, झॅमॅक 6.6 आणि ॲल्युमिनियम 2.7. एकाच आकाराचे दोन नॉब दोन हातांत घेतले की पितळ आणि झॅमॅक यांतला फरक जाणवतो. पोकळ दांड्यांना मात्र ही परीक्षा लागू पडत नाही.

4. मुलाम्याच्या जाती

मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये सांगतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

ब्रश केलेलं स्टेनलेस स्टील इथे वेगळं पडतं, कारण त्यावर मुलामाच नसतो. पट्ट्याने घासून एका दिशेच्या बारीक रेघा उठवलेल्या असतात. गंजापासून वाचवतो तो क्रोमियम आणि हवेतला प्राणवायू यांनी मिळून केलेला अदृश्य पापुद्रा. ओरखडा पडला तरी तो हवेत पुन्हा धरतो. सोलून निघण्यासारखं काही नसल्यामुळे रोजच्या वापराला याच्याइतकं बिनघोर फिनिश दुसरं नाही.

चकचकीत क्रोमच्या खाली निकेलचा थर असतो. क्रोम अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ. चमक आणि कठीणपणा त्याचा, राखण मात्र खालच्या निकेलची. क्रोमचा थर न देता निकेलच मंद ठेवलं तर सॅटिन निकेल मिळतं. त्यात किंचित पिवळसर ऊब असते.

पावडर कोटिंग हे मॅट काळ्या हँडलांचं नेहमीचं फिनिश. रंगाची भुकटी धातूवर बसवून 180 ते 200 अंशांच्या भट्टीत भाजतात. थर 60 ते 80 मायक्रॉनचा, म्हणजे भरपूर जाड, पण शेवटी प्लास्टिकच्या जातीचा. अंगठीचा घाव त्यावर पांढरी रेघ सोडून जातो.

ॲनोडायझिंगमध्ये ॲल्युमिनियमचाच ऑक्साइड विजेच्या साह्याने वाढवतात. तो पक्का असतो, पण धुण्याचा सोडा आणि आम्ल दोन्हींपुढे हरतो.

सोनेरी रंगात सर्वाधिक फसगत होते, कारण एकसारख्या दिसणाऱ्या हँडलांच्या तीन जाती असतात. पहिली स्वस्त: निकेलच्या मुलाम्यावर सोनेरी झाक असलेलं लॅकर. कडांवरून ते आधी झिजतं आणि खालचं पांढरं निकेल दिसू लागतं. दुसरी पीव्हीडी. यात निर्वात पेटीत टायटॅनियमसारख्या धातूची वाफ करून नायट्रोजनच्या संगतीने तिचा थर बसवतात. टायटॅनियम नायट्राइड मुळातच सोनेरी दिसतं. त्यात सोनं औषधालाही नसतं. थर जेमतेम काही मायक्रॉनचा, पण स्टीलहून कितीतरी कठीण. सोनेरीच हवं असेल तर स्टेनलेस स्टीलवरची पीव्हीडी घ्यावी.

तिसरी जात भरीव पितळेची. लॅकर नसलेलं पितळ हाताळणीने काळवंडतं, जिथे हात लागतो तिथे उजळ राहतं आणि चिंचेने घासलं की पुन्हा लखलखतं. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्या-पितळेची मठारकामाची भांडी आजही घडवली जातात. ते काम पाहिलं की उघड्या धातूचं म्हातारपण कसं दिसतं याची कल्पना येते. उघड्या पितळेचा एक उपयोगही आहे: तांब्याच्या मिश्रधातूंवर जिवाणू फार काळ तग धरत नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2008 मध्ये या गुणासाठी अशा मिश्रधातूंची अधिकृत नोंदणी केली. लॅकर चढवलं की हा गुण झाकला जातो. मात्र पितळ उजळताना चिंच किंवा पावडर आजूबाजूच्या रंगाला लागू देऊ नये. हँडल काढून मगच घासावं.

5. एकाच ओट्याचे तीन भाग

स्वयंपाकघर छोटं असलं तरी सगळ्या हँडलांचं नशीब सारखं नसतं.

सिंकखालचं शटर सर्वांत कष्टी. ओले हात, साबण, ओलावा. पुण्याच्या या पूर्व भागाला 2021 पासून भामा आसखेड धरणाचं पाणी मिळू लागलं, तरी उन्हाळ्यात बोअर आणि टँकरवर भिस्त ठेवणाऱ्या सोसायट्या आहेत. बोअरचं पाणी जड, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त. सुकल्यावर त्यांचे पांढरे ठिपके राहतात. मॅट काळ्यावर आणि चकचकीत क्रोमवर ते ठळक दिसतात, ब्रश केलेल्या स्टीलवर फारसे नाहीत. याहून मोठा शत्रू दाराच्या आत असतो. संडास साफ करायच्या ॲसिडची बाटली बहुतेक घरांत सिंकखालीच ठेवतात. त्या ॲसिडची वाफ बंद कपाटात कोंडते आणि स्टेनलेस स्टीललाही गंजवते. बिजागऱ्या आधी जातात, कारण नेहमीच्या बिजागऱ्या निकेलचा मुलामा दिलेल्या साध्या पोलादाच्या असतात. बाटली तिथून हलवावी आणि एवढ्या एका कपाटाला 304 च्या बिजागऱ्या घ्याव्यात.

शेगडीजवळच्या ट्रॉल्यांना फोडणीच्या तेलाची वाफ लागते. हे तेल हवेत सुकून चिकट पापुद्रा धरतं आणि नक्षीच्या खाचांत अडकतं. तिथे साधी, गोल दांडी हवी. उरलेल्या कपाटांना, माळ्याला, कपबशांच्या फडताळाला हौस करायला हरकत नाही.

मुलामा गंजाला किती तोंड देतो, हे सांगायला कंपन्यांच्या माहितीपत्रकात "सॉल्ट स्प्रे 48 तास" किंवा "96 तास" असं लिहिलेलं असतं. हँडल 35 अंश तापमानाच्या पेटीत ठेवून त्यावर 5 टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सोडतात आणि गंज दिसेपर्यंतचे तास मोजतात. 96 तास म्हणजे अमुक वर्षं, असं रूपांतर होत नाही. दोन मुलाम्यांची तुलना मात्र होते. युरोपीय मानकात 96 तास ही तिसरी श्रेणी, 240 तास ही चौथी. विश्रांतवाडीच्या हवेत समुद्राचं मीठ नाही, तेव्हा इथे 96 तासांचं हँडल सुखाने नांदतं. रत्नागिरीच्या किंवा मालवणच्या घरासाठी मात्र मॉलिब्डेनम असलेलं 316 स्टील पाहावं.

6. आता शेड

आधी स्वयंपाकघरात आधीच असलेले धातू पाहा. सिंक, नळ, चिमणी, ताटाळं, डबे: मराठी स्वयंपाकघरात स्टील न बोलावता हजर असतं. त्यात आणखी एक धातूरंग खपतो. तिसरा आला की दुकान मांडल्यासारखं दिसतं.

मग रंगाची झाक. मोतिया, फिकट पिवळसर, शेवाळी हिरवा या उबदार रंगांना पितळी किंवा सॅटिन निकेल शोभतं. निळसर पांढरा आणि राखाडी या थंड रंगांना स्टील किंवा काळं. गडद निळ्या किंवा बाटली हिरव्यावर काळं हँडल हरवून जातं, पितळी उठून दिसतं. शटर चकचकीत असेल तर हँडल मंद घ्यावं. दोन्ही चकचकीत असली की बोटांचे ठसे दुप्पट मोजावे लागतात.

शेवटी दिवा. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो: 3000 म्हणजे पिवळसर उजेड, 6500 म्हणजे निळसर पांढरा. दुकानात उबदार झोतात झळकणारं सोनेरी हँडल घरच्या 6500 च्या ट्यूबखाली फिकं, हिरवट वाटू शकतं. एक नग आणून संध्याकाळी, स्वतःच्या दिव्याखाली, रंगवलेल्या तुकड्यावर धरून पाहणं हाच उपाय.

7. हिशेब आणि बिल

समजा, तुमच्या ट्रॉल्यांना 20 हँडलं लागतात. दोन जादा घ्या, कारण पुढे तीच शेड मिळेलच असं नाही आणि दोन लॉटमधलं सोनेरी जुळत नाही. झॅमॅकवरचं क्रोम 120 रुपयांना एक धरलं तर 22 नगांचे 2,640 होतात. 304 चं ब्रश केलेलं 260 रुपयांना धरलं तर 5,720. फरक 3,080 रुपयांचा. आता एक शटर दीड फूट बाय दोन फूट, म्हणजे 3 चौरस फूट. पीयूचा दर चौरस फुटाला 350 रुपये धरला तर एक शटर पुन्हा रंगवायला 1,050 रुपये. म्हणजे खराब हँडलापायी तीन शटरं पुन्हा रंगवावी लागली, तरी वाचवलेले पैसे गेले. भाव दुकानागणिक बदलतील, हिशेबाची रीत हीच.

पैसे देण्याआधी बिलावर चार गोष्टी लिहून घ्या: धातू ("एसएस 304", नुसतं "एसएस" नको), मुलामा ("पीव्हीडी", नुसतं "गोल्ड" नको), भोकांचं अंतर मिलिमीटरमध्ये आणि स्क्रूची लांबी. हँडलाचा स्क्रू बहुधा एम-4 असतो. 18 मिलिमीटरच्या शटरला 25 मिलिमीटर लांबीचा पुरतो. शटरवर वेगळी पट्टी चिकटवलेली असेल तर तेवढी लांबी वाढवा. दुकानदार "304" लिहायला कां-कूं करू लागला, तर हँडल तिथेच ठेवून पुढच्या दुकानात जावं.